'स्कूल' म्हणजे सवड

आता 'स्कूल' हा शब्द घ्या. इंग्रजीत तो लॅटिन 'स्कोला'वरून आला आणि लॅटिनने तो ग्रीकांच्या 'स्खोले'वरून घेतला. या 'स्खोले'चा मूळ अर्थ काय? तर सवड, फुरसत! आधी सवड, मग सवडीत चालणारी चर्चा, मग ती चर्चा जिथे चालते ती जागा, असा अर्थ सरकत गेला. आपली 'शाळा' कानाला जवळची वाटते खरी, पण ती संस्कृत 'शाला'वरून आली, म्हणजे घर, दालन. तिचं 'स्कूल'शी नातं नाही.

ग्रीकांकडे कामधंद्याला शब्दच 'अस्खोलिया', म्हणजे सवड नसणं. ॲरिस्टॉटल म्हणतो, गणिती विद्या इजिप्तमध्ये उदयाला आल्या, कारण तिथल्या पुरोहितवर्गाला सवड होती. पण मंडळी, ही सवड येते कुठून? अथेन्समध्ये ती गुलामांच्या आणि घरातल्या बायकांच्या कष्टांवर उभी होती. विचाराला सवड लागते हे खरंच. पण ती कुणाच्या वाट्याला येते, हा न्यायाचा प्रश्न आहे. ज्या मुलाला दुपारी कामावर जावं लागतं, त्याला नुसती इमारत बांधून देऊन 'स्कूल' मिळत नाही.