फुकट म्हणजे मुक्त नव्हे!



1920 साली 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला, हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण त्यातून बाबासाहेबांनी काय केले? ते दुसऱ्याच्या दारात ताटकळत बसले नाहीत. 'बहिष्कृत भारत' (1927), 'जनता' (1930), 'प्रबुद्ध भारत' (1956) ही पत्रे काढली, चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. साधन ज्याचे, शेवटचा शब्द त्याचा, हे त्यांनी ओळखले होते.

आज आपल्या सभासदांच्या याद्या, बैठकांची इतिवृत्ते, वर्गणीचा हिशेब, निवेदनांचे मसुदे कुठे आहेत? कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर. विचारले तर उत्तर तयार असते, "फुकट तर आहे!"

या फुकटची किंमत जगातल्या हुशार प्रोग्रामरांनीही मोजली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरणे, तपासणे, बदलणे आणि इतरांना वाटणे हा प्रत्येकाचा हक्क, ही त्यांची भूमिका. 1989 च्या जीपीएल परवान्याने तो हक्क पुढच्या माणसापर्यंत पोचवणे बंधनकारक केले. लिनक्सही याच परवान्याखाली वाढले. पण 2002 मध्ये लिनक्सच्या मंडळींनी एकत्र काम करण्यासाठी बिटकीपर हे खासगी साधन घेतले. ते फुकट होते, मुक्त नव्हते. वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे साधन बनवायचे नाही, अशी अटही होती. स्टॉलमन यांनी तेव्हाच विरोध केला. 2005 मध्ये वाद झाला आणि कंपनीने फुकट वापराची परवानगी काढून घेतली. जगभरच्या हजारो लोकांचे काम एका मालकाच्या मर्जीवर आले! तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये काही दिवसांत 'गिट' लिहायला घेतले. ते मुक्त होते. आज जगातले बहुतेक सॉफ्टवेअर त्यावरच लिहिले जाते.

फुकट ही मालकाची मेहेरबानी असते, मुक्त हा हक्क असतो. मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

कुणी म्हणेल, सर्व्हर चालवायला पैसा आणि माणसे लागतात. लागतातच. छापखान्यालाही लागत होती. म्हणून सगळे एका दिवसात बदला, असे मी म्हणत नाही. मसुदे आणि हिशेब लिब्रेऑफिसमध्ये करा. चार संघटनांनी वर्गणी काढून नेक्स्टक्लाउडचा एक सर्व्हर चालवावा. प्रत्येक शाखेत दोन मुले-मुली हे काम शिकलेली असावीत, आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात नसावी. नाहीतर कंपनीच्या जागी आपल्यातलाच एक मालक तयार होईल.

उद्या खाते बंद झाले तर आपल्या संघटनेची दहा वर्षे कुणाकडे मागायची? येत्या बैठकीत हा विषय घ्या.

जय भीम!