आठ हजार मीटरांवरील श्वास

१५ एप्रिल १८७५ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास पॅरिसच्या ला व्हिलेत भागातील गॅस कारखान्याच्या आवारातून ‘झेनिथ’ नावाचे बलून वर चढले. पाळण्यात तिघेजण होते : रसायनज्ञ गास्ताँ तिसांदिए, पूर्वी खलाशी असलेला सिव्हेल आणि तरुण अभियंता क्रोसे-स्पिनेली. उंचावरील विरळ हवेचे निरीक्षण करावे, हा त्यांचा हेतू. बरोबर प्राणवायूने समृद्ध केलेल्या हवेच्या तीन पिशव्या होत्या. दुपार कलल्यावर ते बलून मध्य फ्रान्समध्ये जमिनीवर आले, तेव्हा एकटा तिसांदिए जिवंत होता. प्राणवायू हाताशी असताना दोन माणसे प्राणवायूवाचून गेली होती.

उंचावर माणसाचा जीव कासावीस का होतो, या प्रश्नाचे उत्तर त्यापूर्वीच पोल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या हाती आले होते. शरीरावरचा हवेचा भार उतरला, की रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यामुळे त्रास होतो, अशी समजूत तेव्हा बरीच रूढ होती. बेरने लोखंडी कोठ्यांत हवा विरळ करून चिमण्यांवर, पुढे स्वतःवर प्रयोग केले आणि दाखवून दिले, की दोष भार उतरण्याचा नाही. उंचावरच्या हवेतही प्राणवायू शेकडा एकवीसच असतो. परंतु एकंदर दाब उतरला, की त्यातला प्राणवायूच्या वाट्याचा दाबही उतरतो. फुप्फुसांतील वायुकोशांचे आणि रक्ताचे व्यवहार चालतात ते या दाबावर. पाणी जसे उंचावरून सखलाकडे वाहते, तसा वायू अधिक दाबाकडून कमी दाबाकडे सरकतो. समुद्रसपाटीवर वायुकोशांत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटरांइतका असतो आणि शरीरभर फिरून परतलेल्या रक्तात सुमारे ४०. या तफावतीमुळेच प्राणवायू रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटतो. शंभर घनसेंटिमीटर रक्त अशा रीतीने जवळजवळ वीस घनसेंटिमीटर प्राणवायू वाहून नेते. नुसता विरघळून त्यातला एक-तृतीयांश घनसेंटिमीटरही मावला नसता.

सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली हे दोघे मार्च १८७४ मध्ये बेरच्या कोठीत बसून आले होते. प्राणवायूचा गुण त्यांनी अनुभवला होता. उड्डाणापूर्वी पिशव्यांचा तपशील त्यांनी बेरला कळविला. बेर तेव्हा पॅरिसबाहेर होता. एवढा साठा तिघांना पुरणार नाही, असे त्याने उलट टपाली लिहिले. परंतु ते पत्र फार उशिरा पोहोचले. टपालाच्या विलंबाने माणसाचे प्राण जावेत, ही गोष्ट इतिहासात नवी नाही. साठा थोडका म्हणून तो अगदी निकडीच्या वेळेसाठी राखून ठेवावा, असे या तिघांनी ठरविले, आणि घात झाला तो येथेच.

निकडीची वेळ आली. पण तिने वर्दी दिली नाही. पुढे तिसांदिएने लिहून ठेवले, की साडेसात हजार मीटरांवर आपल्याला दुःख नव्हते, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता. सिव्हेलने वाळूच्या पिशव्यांच्या दोऱ्या कापल्या. बलून आणखी वर गेले. तिसांदिएने प्राणवायूची नळी घेऊ म्हटले, तो हात उचलेना. आठ हजार मीटर झाले हे सांगू म्हटले, तो जीभ हलेना. मग शुद्ध गेली. मोहोरबंद वायुभारमापकांनी नंतर सांगितले, की बलून ८,६०० मीटरांच्या आसपास पोहोचले होते. तेथे हवेचा दाब जमिनीवरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा; फुप्फुसांत शिरताना ओलावलेल्या हवेत प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीवर १५० मिलिमीटर, तर तेथे उणापुरा ४५. वायुकोशांपर्यंत पोहोचेतो तोही आणखी घटतो.

शरीराने हाक का दिली नाही, याचा उलगडा व्हायला आणखी तीस वर्षे लागली. १९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली या इंग्लंडमधील संशोधकांनी दाखविले, की श्वासाची गती सामान्यतः ठरविते ती प्राणवायूची उणीव नव्हे, तर रक्तातील कर्बाम्लवायू, म्हणजेच कार्बन डायॉक्साइड. श्वास कोंडला असता जीव घुसमटतो तो या वायूच्या साठण्याने. विरळ हवेत माणूस जोराजोराने श्वास घेतो तेव्हा हा वायू उलट धुऊन निघतो. प्राणवायूची उणीव श्वास वाढविते, परंतु घुसमट फारशी जाणवू देत नाही. आणि मेंदू तर सर्वांत आधी तिच्याखाली सापडतो. ज्याने धोका ओळखायचा, तोच प्रथम मंदावतो.

बेरचा ‘वायुभारमापकीय दाब’ हा प्रचंड ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये, मेसनर आणि हाबेलर हे दोन गिर्यारोहक प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. परंतु त्यांनी शरीराला या विरळपणाची सवय कित्येक आठवडे लावली होती. झेनिथने तिघांना दोन तासांत तसल्या हवेत नेऊन सोडले होते.

बेरच्या त्या कोठीची वंशज भारतातही आहे. बंगळुरू येथे वायुदलाच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत वैमानिकांना अशाच बंद कोठीत बसवून हवा विरळ केली जाते आणि त्यांना साधी कामे करावयास देतात. बोटे कधी अडखळू लागतात, हिशेब कोठे चुकू लागतो, मन विनाकारण कधी प्रसन्न होते, हे ज्याने त्याने ओळखून घ्यायचे, आणि हात उचलतो आहे तोवर मुखवटा चढवायचा.