हेलिकॉप्टर उतरू शकले नाही तेव्हा

साखरखेर्डा म्हटले की इतिहासाच्या शिक्षकांना १७२४ सालची लढाई आठवते. निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान येथे समोरासमोर आले. मुबारिजखान पडला आणि विजयी निजामाने गावाला फत्तेखेर्डा असे नवे नाव दिले. पाठ्यपुस्तकात एवढेच येते. रणात कण्हत पडलेल्यांचे पुढे काय झाले, हे त्यात येत नाही. डोली, खाट, बैलगाडी, याखेरीज त्या काळी दुसरे साधन तरी कोणते होते? जखमीला वेळेवर वैद्यापाशी नेणे हा प्रश्न लढाईइतकाच जुना आहे.

त्यावर विसाव्या शतकाने जे उत्तर काढले, ते हेलिकॉप्टर. १९४४ च्या एप्रिलमध्ये, ब्रह्मदेशातील युद्धात, आसाममधल्या लालाघाटहून कार्टर हार्मन हा अमेरिकी वैमानिक एक लहानसे सिकॉर्स्की यंत्र घेऊन निघाला. जंगलात कोसळलेल्या विमानाचा चालक आणि तीन ब्रिटिश सैनिक शत्रूच्या टापूत अडकले होते. यंत्रात जागा एकाच माणसाची, त्यातून हवा उष्ण नि दमट. अशा हवेत पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिन तापते. हार्मनने चौघांना एकेक करून बाहेर काढले. युद्धात हेलिकॉप्टरने माणसे सोडवल्याचा हा पहिला प्रसंग मानतात.

आपल्याकडे हेलिकॉप्टर म्हटले की निवडणुकीची सभा आणि शाळेचे मैदान आठवते. त्यामुळे ते कोठेही, केव्हाही उतरते असा आपला समज होतो. तसे नाही. उतरताना वैमानिकाला जमीन दिसावी लागते, वाऱ्याची दिशा कळावी लागते. पावसाळ्यात ढग टेकडीवर टेकले की जमीन दिसेनाशी होते. आपल्या काळ्या रानात तर चाके चिखलात रुततील, आणि उन्हाळ्यात पात्यांच्या वाऱ्याने उडालेली धूळच डोळ्यांपुढे पडदा धरील. समुद्रावर याहून कठीण, कारण तिथे खालची जमीनच हलत असते. जहाजाची डेक लाटेबरोबर वर येते, खाली जाते.

२००५ च्या जुलै महिन्यात अगदी हेच घडले. २६ तारखेला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आपणांस आठवत असेल. दुसऱ्या दिवशी, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात समुद्र सुरक्षा नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके तुटली. उपचाराची गरज होती, पण मान्सूनच्या हवेमुळे हेलिकॉप्टरे जमिनीवरच थांबवलेली होती. मग ठरले असे की जहाज मुंबई हाय नॉर्थ या तेलफलाटाजवळ न्यायचे आणि जखमीला क्रेनच्या पाळण्यातून वर घ्यायचे.

फलाटाची आडोशाची क्रेन बंद होती. म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडच्या बाजूने आणावे लागले. त्याच्या एका प्रोपेलर यंत्रणेतही बिघाड होता, त्यामुळे ते हाताने चालवले जात होते. जखमी माणूस सुखरूप वर गेला. पण मागे फिरताना लाटांनी जहाज फलाटावर आपटले आणि त्याच्या मागच्या टोकाला असलेली हेलिकॉप्टरची डेक वायूच्या उभ्या नळांवर आदळली. ज्या डेकवर त्या दिवशी हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते, तिनेच नळ फोडला! वायू पेटला. दोन तासांत फलाट नष्ट झाला.

फलाटाच्या त्या समूहावर आणि जहाजावर मिळून ३८४ माणसे होती. आठ बचावनौकांपैकी दोनच पाण्यात सोडता आल्या. पुढच्या पंधरा तासांत ३६२ जणांना वाचवण्यात आले, २२ जण गेले. त्यांतले ११ जण कधी सापडलेच नाहीत.

हेलिकॉप्टरे थांबवली म्हणून कोणाला बोल लावता येईल का? मला तसे वाटत नाही. वाईट हवेत उड्डाण नाकारणे हे वैमानिकाचे कर्तव्यच आहे. माझी शंका वेगळी आहे. हवेतल्या धोक्याचे मोजमाप नियमाने झाले. बिघडलेले जहाज खवळलेल्या समुद्रात वायूच्या नळांजवळ नेण्याचा धोका मात्र त्याच मापाने मोजला गेला नाही. दोन बोटांच्या जखमेला थोडा वेळ थांबता आले असते का, हे आधी पाहायला हवे होते.

जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या बंद कोठीत होते. खोल पाण्यात काम करणाऱ्या माणसाला दाब हळूहळू, दिवसच्या दिवस घेऊन कमी करावा लागतो. दार एकदम उघडले तर तो मरतो. म्हणून आग लागलेल्या जहाजावरच त्यांना राहावे लागले. तब्बल छत्तीस तासांनी त्यांची सुटका झाली. समुद्र सुरक्षा १ ऑगस्टला बुडाले.