कृषिपंप, केबल व शेती अवजारांची चोरी : प्रतिबंध आणि चोरी झाल्यावर करावयाची कार्यवाही

गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत, म्हणजे पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी, पाणी द्यावेच लागते. नेमक्या त्याच आठवड्यात सकाळी शेतात गेल्यावर पेटीपासून बोअरपर्यंतची केबल कापून नेलेली दिसते. चोराला त्या केबलमधून निघणाऱ्या तांब्याचे भंगाराच्या भावाने पैसे मिळतात. शेतकऱ्याला मात्र नवी केबल, मोटार वर काढण्याची मजुरी आणि चुकलेली पाण्याची पाळी असा तिहेरी फटका बसतो. त्यातला तिसरा फटका कोणत्याही तक्रारीत लिहिला जात नाही आणि त्याची भरपाईही होत नाही. त्यामुळे चोरीनंतरच्या धावपळीपेक्षा आधीची तयारी स्वस्त पडते.

चोर नेमके काय नेतो?

शेतातील बहुतेक चोऱ्या वस्तू वापरण्यासाठी नसतात, तर धातू विकण्यासाठी असतात. तांबे आणि पितळ हे चोराचे पहिले लक्ष्य असते. सबमर्सिबल मोटारीची केबल, मोटारीचे वाइंडिंग, पितळी फूट व्हॉल्व्ह, तुषार संचाचे पितळी नोझल आणि रोहित्रातील कॉइल या वस्तू त्यात येतात. ट्रॅक्टरची बॅटरी, डिझेल आणि बॅटरीवरचा फवारणी पंप यांना तसेच्या तसे गिऱ्हाईक मिळते म्हणून ते जातात. विळे, खुरपी, फावडी, टिकाव यांची गोष्ट वेगळी आहे. खरे सांगायचे तर ती चोरीला कमी जातात आणि 'जरा नेतो' म्हणून नेलेली परत येत नाहीत, असेच जास्त घडते. त्यावरचा उपाय कुलूप हा नसून वही हा आहे. अवजार कोणी नेले, कधी नेले हे लिहून ठेवावे. सर्व दांड्यांना एकाच ठळक रंगाचा पट्टा मारला तर आपले अवजार दुसऱ्याच्या बांधावरही ओळखू येते.

केबल कापली जाते ती वीज नसताना. चालू लाइनवर हात टाकायला चोरही घाबरतो. पूर्वी रात्रपाळीच्या विजेमुळे शिवारात रात्री माणसांचा वावर असे. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि ती योग्यच आहे, पण जिथे ती पुरी झाली तिथे रात्री शिवार मोकळे पडते. पाणी देण्याच्या वेळा बदलल्या की राखणीच्या वेळाही बदलायला हव्यात.

केबल वाचवण्याचे उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पेटी ते बोअर किंवा विहीर या अंतरातील केबल जमिनीवर न ठेवणे. नांगराच्या फाळाला लागणार नाही अशा बेताने दोन ते अडीच फूट खोल चर घेऊन केबल एचडीपीई पाइपमधून न्यावी. पाइपची दोन्ही तोंडे बुजवावीत, नाहीतर उंदीर आत शिरून केबल कुरतडतात. चर कुठून गेला आहे त्याची खूण स्वतःजवळ ठेवावी.

दुसरा उपाय म्हणजे या जमिनीवरच्या टप्प्यासाठी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल वापरणे. ॲल्युमिनियमला भंगारात तांब्यापेक्षा बराच कमी भाव मिळतो आणि आर्मर्ड केबल पकडीने पटकन तुटत नाही. मात्र ॲल्युमिनियममधून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही, म्हणून जाडी साधारण दीडपट ते पावणेदोनपट घ्यावी लागते. 4 चौरस मिलिमीटर तांब्याच्या जागी निदान 6 आणि अंतर लांब असेल तर 10 चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी. जाडी कमी पडली तर व्होल्टेज कमी मिळून मोटार तापते आणि चोराऐवजी वाइंडरचा धंदा होतो. बोअरमधील केबल तांब्याचीच राहू द्यावी. दोन्ही धातू जिथे जोडले जातात तिथे तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये. असा जोड गंजतो आणि गरम होऊन जळतो. तिथे बायमेटॅलिक लग वापरावेत आणि जोड बंद पेटीत ठेवावा.

बोअरच्या तोंडावर केबलपुरतेच भोक असलेले जाड लोखंडी झाकण बसवावे. केसिंगच्या आत हात जात असेल तर चोर केबल शक्य तितक्या खालून कापतो. मग नवा जोड देण्यासाठी चैन-कप्पी लावून पाइप वर काढावे लागतात. झाकणाचे नट साध्या पान्याने फिरणार नाहीत अशा प्रकारचे घ्यावेत. केबल प्रत्येक पाइपला घट्ट बांधलेली असेल तर ओढून नेता येत नाही.

नदी, तलाव किंवा कालव्याच्या काठावरील मोटारींसाठी लोखंडी पिंजरा करून तो काँक्रीटच्या चौथऱ्यात पक्का करावा. एका काठावर चार-सहा शेतकऱ्यांच्या मोटारी असतील तर त्या एकाच ठिकाणी ठेवून खर्च वाटून घेता येतो. एकटीदुकटी मोटार आधी जाते. पूर ओसरल्यावर मोटार पुन्हा बसवताना पिंजराही बसवला आहे ना, हे पाहावे.

मोबाइल स्टार्टर वापरत असाल तर खरेदीपूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा : लाइन नसताना केबल तुटली तर हा फोन करतो का? काही मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारी इशारा देण्याची सोय असते, सर्वांत नसते. सायरन मोटारीजवळ न लावता वस्तीकडे तोंड करून उंचावर लावावा.

इतर साहित्य

मोटारघराच्या दाराला कडी-कोयंडा बसवताना स्क्रू बाहेरून दिसता कामा नयेत. आरपार बोल्ट घालून नट आतून आवळावेत. भारी कुलूप आणि चार स्क्रूंवरचा कोयंडा हे नेहमीचे दृश्य आहे, आणि चोर कुलपाला हातही लावत नाही.

तुषार संचाचे नोझल काम झाल्यावर काढून घरी आणावेत. हंगाम संपल्यावर ठिबकच्या लॅटरल गुंडाळून ठेवाव्यात. पितळी व्हॉल्व्हच्या जागी प्लास्टिकचे चालत असतील तर तेच बसवावेत. ट्रॅक्टर शेतात मुक्कामी ठेवू नये. ठेवावाच लागला तर बॅटरी काढून न्यावी. ट्रॅक्टरच्या विम्याची पावती एकदा नीट वाचावी, कारण फक्त तृतीय पक्ष विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही.

सौर कृषिपंप शासकीय योजनेतून घेतला असेल तर त्याला पाच वर्षांची देखभाल आणि विमा संरक्षण असते. पॅनेलचे अनुक्रमांक, कंट्रोलरचा क्रमांक आणि पुरवठादाराचा सेवा क्रमांक आजच लिहून ठेवावेत. पॅनेल गेल्यावर त्यावरचा क्रमांक वाचता येत नाही.

खूण आणि कागद

मोटार परत मिळण्याचा खरा आधार म्हणजे खूण. मोटारीवरची नावाची पट्टी चोर आधी काढतो आणि रंग बदलतो. म्हणून अंकांच्या पोलादी ठशांनी मोटारीच्या बॉडीवर गट क्रमांक आणि नावाची अक्षरे ठोकावीत, एक सहज दिसेल अशा जागी आणि एक फक्त आपल्याला माहीत असेल अशा जागी. ठसे बाहेरच्या कडेवर किंवा जाड भागावरच ठोकावेत, बेअरिंगच्या जागी नाही. केबलवर नाव लिहून फारसा उपयोग होत नाही, कारण तांबे काढण्यासाठी तिचे आवरण जाळले जाते. मात्र ओढ्याकाठी किंवा पडक्या जागी जळक्या रबराचा वास, काळी राख आणि वायरच्या कपच्या दिसल्या तर ती जागा पोलीस पाटलांना दाखवावी.

बिल, पट्टीचा फोटो आणि ठशांचा फोटो हे तिन्ही मोबाइलमध्ये ठेवावेत आणि घरातील आणखी एकाला पाठवून ठेवावेत. जुन्या मोटारीचे बिल हरवले असेल तर दुकानदाराकडे दुय्यम प्रत मागावी. पावतीशिवाय स्वस्तात मिळणारी जुनी मोटार घेऊ नये. चोरीचा माल माहीत असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.

चोरी झाल्यावर

आधी जागा तशीच ठेवावी. कापलेली टोके, पायांचे ठसे, गाडीच्या चाकांच्या खुणा यांचे फोटो घ्यावेत. पाण्याची घाई असते हे खरे, पण पंचनामा होण्यापूर्वी नवी केबल जोडली तर दाखवायला काही उरत नाही. 112 वर फोन करावा, पोलीस पाटलांना कळवावे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

तक्रारीत मालाची किंमत लिहिताना विशेष काळजी घ्यावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आहे. अशा वेळी फक्त नोंद होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. 'थोडी वायर गेली' असे सांगणारा शेतकरी इथेच अडकतो. केबल किती मीटर, कोणत्या जाडीची, सोबत स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह काय गेले हे सर्व मोजून बिलासह लिहावे. किंमत फुगवू नये, पण काही सोडूही नये. कुलूप तोडून मोटारघरातून माल नेला असेल तर ते स्पष्ट लिहावे. माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरीला कलम 305 लागू होऊ शकते आणि तो दखलपात्र गुन्हा आहे.

हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची मागणी करावी. तक्रार ऑनलाइन दिली असल्यास तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी. गुन्हा नोंदल्यावर त्याची प्रत मोफत मिळते. गुन्हा दखलपात्र असूनही तो नोंदवायला नकार मिळाला तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मोटार पुढे सापडली तर ती न्यायालयाच्या आदेशाने ताब्यात मिळते आणि तेव्हा बिल व ठसा हेच उपयोगी पडतात.

रोहित्रातील तेल किंवा कॉइल गेली असेल तर ते महावितरणचे साहित्य आहे. 1912 किंवा 1800-212-3435 वर कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रोहित्राला स्वतः हात लावू नये आणि तेल कमी असताना भार टाकू नये.

हे करू नका

चोरीला कंटाळून कुंपणात किंवा केबलच्या आवरणाला वीज सोडणारे शेतकरी आहेत. त्या तारेला पहाटे पहिला हात बहुतेक वेळा चोराचा लागत नाही. तो गवत कापायला आलेल्या मजुराचा किंवा घरातल्या मुलाचा लागतो. कोणी मेले तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. संशयिताला पकडले तर मारहाण न करता 112 वर कळवावे आणि पोलीस येईपर्यंत त्याला बसवून ठेवावे.

राखणीसाठी गावात ग्रामरक्षक दल असेल तर पाळीच्या पाण्याचे वेळापत्रक त्यांना द्यावे. नसेल तर एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आळीपाळीने रात्रीची फेरी ठरवावी. फेरीची वेळ रोज एकच ठेवू नये. विस्तार कार्यकर्त्यांनी रब्बीपूर्वीच्या बैठकीत खत-बियाण्याबरोबर ठसे ठोकण्याचे साहित्यही सोबत न्यावे. एका संचात अख्ख्या वाडीच्या मोटारींवर खुणा होतात.