ऑटोफोकस

ऑटोफोकस म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगातील काचा आपोआप मागेपुढे सरकवून निवडलेल्या वस्तूची प्रतिमा सुस्पष्ट करणारी यंत्रणा होय. मराठीत तिला स्वयंकेंद्रण म्हणता येईल. परंतु व्यवहारात ऑटोफोकस हाच शब्द रुळला आहे. छायाचित्रे अंधूक येऊ लागली की कॅमेरा बिघडला असे समजून तो दुरुस्तीस नेला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा यंत्रणा सांगितलेले काम चोख करीत असते; चूक सांगण्यात झालेली असते.

इतिहास

१९७७ साली आलेला कोनिका सी३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा होय. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० या एसएलआर कॅमेऱ्याच्या अंगातच ही यंत्रणा बसवण्यात आली. १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिकेत मोटर कॅमेऱ्यात न ठेवता भिंगात ठेवली. हा फरक जुने भिंग विकत घेणाऱ्यास आजही जाणवतो. निकॉनच्या डी३००० व डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत मोटर नसते. त्यांना जुने एएफ-डी भिंग लावल्यास ऑटोफोकस चालतच नाही. भिंगही धड असते आणि कॅमेराही, केवळ जोडी जुळलेली नसते.

कार्यपद्धती

यंत्रणेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात संवेदकावरील प्रतिमेतील उजेड-अंधाराचा भेद मोजला जातो. भेद सर्वाधिक होतो ती जागा ओलांडून भिंग पुन्हा मागे येते, म्हणून ही पद्धत संथ असते. दुसऱ्या प्रकारात भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या किरणांची तुलना होते. त्यामुळे भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचे हे आधीच कळते. आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात यासाठी आरशाच्या पेटीच्या तळाशी स्वतंत्र संवेदक असतो, तर आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत बहुधा हे काम मुख्य संवेदकच करतो.

दोन्ही प्रकारांना पकडण्यासाठी एखादी रेघ, कड किंवा पोत लागतो. चुना दिलेली कोरी भिंत, निरभ्र आकाश, दाट धुके यांपुढे यंत्रणा हतबल होते आणि भिंग घुर्रघुर्र करीत मागेपुढे होत राहते. पावसाळ्यात बागलाणातील साल्हेर किल्ल्यावर ढग उतरले की हाच अनुभव येतो. अशा वेळी तेवढ्याच अंतरावरील काळ्या कातळाची कड निवडावी, बटण अर्धे दाबून फोकस धरून ठेवावा आणि मग चौकट हवी तशी वळवावी.

सेटिंग

बटण अर्धे दाबणे ही ऑटोफोकसची गुरुकिल्ली आहे. नवशिके ते एकदम पूर्ण दाबतात. त्यानंतर दोन निर्णय घ्यायचे असतात. एक, वस्तू स्थिर आहे की हलती? स्थिर वस्तूसाठी एकवार फोकस धरणारी रीत (कॅननमध्ये ‘वन शॉट’, निकॉनमध्ये ‘एएफ-एस’) वापरावी. या रीतीत फोकस लागल्याशिवाय सहसा छायाचित्र निघतच नाही, आणि बटण बिघडल्याचा समज होतो. हलत्या वस्तूसाठी सतत फोकस साधणारी रीत (‘एआय सर्व्हो’, ‘एएफ-सी’) असते.

दुसरा निर्णय फोकसबिंदूचा. बिंदूची निवड कॅमेऱ्यावर सोपवली तर तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू धरतो. नामपूर परिसरातील डाळिंबबागेत फळ टिपायला जावे आणि पुढचे पान स्पष्ट यावे, हे यामुळेच घडते. येथे एकच बिंदू निवडून तो फळावर ठेवावा.

दोन्ही निर्णयांची कसोटी पक्षिचित्रणात लागते. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. तेथे पाणकणसांत दडलेल्या पक्ष्यासाठी एकच लहान बिंदू लागतो. उडत्या थव्यासाठी बिंदूंचा गट, सतत फोकस आणि १/१००० सेकंद वा त्याहून वेगवान शटर. दुपारी तापलेल्या हवेतून दूरचा पक्षी टिपल्यास प्रतिमा थरथरती येते. तो दोष ऑटोफोकसचा नव्हे. सकाळी लवकर जाणे हाच त्यावर उपाय.

दोष आणि उपाय

ऑटोफोकस अजिबात चालत नसेल तर प्रथम भिंगावरील ‘एएफ/एमएफ’ हा खटका पाहावा. पिशवीत ठेवता-काढता तो सरकतो. काही भिंगांना खटका नसतो. त्यांची सोय कॅमेऱ्याच्या मेनूत असते. वस्तू फार जवळ असली तरी फोकस लागत नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी भिंगांची मर्यादा साधारण २५ सेंमी असते आणि ती भिंगाच्या टोकापासून नव्हे, संवेदकापासून मोजतात. भिंग व कॅमेरा जोडणारे धातूचे स्पर्शबिंदू मळले असतील तर कोरड्या मऊ कापडाने पुसावेत.

छायाचित्र स्पष्ट, पण नेत्रिकेतून दिसणारे दृश्य अंधूक, अशी तक्रार असेल तर नेत्रिकेजवळचे लहान चाक फिरवून ते डोळ्याच्या नंबराशी जुळवावे. चष्मा लावणाऱ्या ज्येष्ठांनी तर हे सर्वांत आधी तपासावे.

फोकस चुकणे आणि हात हलणे यांत गल्लत होते. चित्रात कोठेतरी एखादा पट्टा स्पष्ट असेल तर फोकस चुकला. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल तर हात हलला. ५० मिमी भिंगाने एफ/१.८ छिद्र ठेवून एक मीटरवरचा चेहरा टिपताना लहान संवेदकाच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यात स्पष्टतेची खोली जेमतेम ३ सेंमी असते. डोळा साधला तरी कान अंधूक येतो. एफ/८ ठेवल्यास ती सुमारे १३ सेंमी होते.

फोकस नेहमीच थोडा पुढे किंवा मागे लागत असेल तर मात्र खरा दोष संभवतो. कॅमेरा तिपाईवर ठेवून तिरकी मोजपट्टी एकदा नेत्रिकेतून व एकदा पडद्यावर पाहून टिपावी. पडद्यावरचे चित्र अचूक आणि नेत्रिकेतले चुकीचे आले, तर डीएसएलआरच्या स्वतंत्र संवेदकाची जुळणी बिघडलेली असते. काही कॅमेऱ्यांत ती मेनूतून सुधारता येते, अन्यथा सेवा केंद्रात न्यावे लागते.

दमट हवेत भिंगात बुरशी धरते आणि प्रतिमेतील भेद मंदावून ऑटोफोकस अडखळू लागतो. पावसाळ्यात भिंगे हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत. बुरशीने काचेवरील लेप खाल्ल्यास साफसफाईनेही तो परत येत नाही.