हृदयाचे प्रारणसंरक्षण

कर्करोगावरील प्रारण चिकित्सेत हृदयातील कोशिकांना होणारी इजा टाळण्याच्या उपायांस ही संज्ञा लावतात. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागल्यावर थोड्याच काळात त्यांचा चिकित्सेत उपयोग सुरू झाला. हृद्‌स्नायूच्या कोशिका क्वचितच विभाजन पावत असल्याने हृदय प्रारणरोधी आहे, असा समज दीर्घकाळ होता. १९६० नंतरच्या दशकात हॉजकिन रोगातून बरे झालेल्या रुग्णांत हृदयावरणाचा शोथ आढळू लागल्याने तो ढळला. प्रारणाने केशवाहिन्यांच्या अंतःस्तराला इजा होते. रक्तपुरवठा घटून स्नायूच्या जागी तंतुमय ऊतक वाढते.

स्वीडन व डेन्मार्कमधील २,१६८ स्तन-कर्करोगी स्त्रियांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेच्या दर ग्रेमागे गंभीर हृद्‌रोहिणी विकारांचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. सर्वस्वी निर्धोक अशी मात्रा आढळली नाही.

अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून निघालेले ॲमिफोस्टीन हे औषध मुक्त मूलके निकामी करते; तथापि मानवी हृदयाच्या रक्षणासाठी त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. म्हणून हृदयावरील मात्रा कमी ठेवणे हाच मुख्य उपाय होय. डाव्या स्तनावरील उपचारात दीर्घ श्वास रोखून धरल्यास हृदय छातीच्या भित्तीपासून दूर सरते.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले व १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. त्याच्या खारघर येथील केंद्रात २०२३ मध्ये प्रोटॉन चिकित्सा सुरू झाली. प्रोटॉन ठराविक खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडून थांबतात. त्यामुळे अर्बुदापलीकडील हृदय बऱ्याच अंशी वाचते. कर्करोग बरा झाल्यानंतर दोन दशकांनीही हृद्‌विकार उद्‌भवू शकत असल्याने अशा रुग्णांची दीर्घकाळ तपासणी आवश्यक असते.