छोट्या ट्रॅक्टरचा धूर

ट्रॅक्टरच्या धुराला आपल्याकडे नियम लागला १९९९ साली. मग २००३, २००५, २०१०-११ असं करत ‘ट्रेम ३-ए’ आला. पुढचा ‘ट्रेम ४’ मात्र अडला. ऑक्टोबर २०२० ची तारीख सरकत सरकत १ जानेवारी २०२३ वर गेली. तोही फक्त ५० एचपीच्या वर! देशात विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या आतलेच. द्राक्षबागेत फिरणारा छोटाही जुन्याच नियमात राहिला.

कॉमन रेल इंजिनाचा खर्च वाचला, हे मला मान्य. हप्ते फेडताना काय होतं ते बघतोच आपण. पण मांडवाखालचा धूर जातो कुठं? चालवणाऱ्याच्याच छातीत ना! मोटारींना एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागलं. शोरूममध्ये एचपी विचारता, तसं इंजिन कुठल्या ट्रेमचं तेही विचारा.